दगडफूल म्हणजे शेवाळ नव्हे

गोड्या मसाल्यावरचा लेख मस्तच, प्रमाण पण आमच्या आईच्या मसाल्याच्या जवळपास जाणारं. फक्त दगडफुलाला 'दगडावरचं शेवाळ' म्हटलंय तेवढं दुरुस्त करा प्लीज. ते लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल (शेवाळ नव्हे, सूक्ष्म हिरवी अल्गी) यांचा एकत्र संसार, बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते आणि शैवाल उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. आणि मसाल्यातली मुख्य जात, पार्मोट्रेमा पर्लेटम, ती नुसती नावाला दगडाची, झाडाच्या सालीवर पण मजेत वाढते. डबा उघडून बघा, वरून राखाडी, खालून काळं, आणि तळाशी बऱ्याचदा सालीचे तुकडे निघतात, मी तर एकदा भेसळ समजून वाण्याशी भांडून आले होते, नंतर तोंड लपवत फिरले 😄

वर कुणीतरी विचारलंय झाडाला त्रास होतो का, तर नाही हो, त्याला मुळंच नसतात, ते झाडाचं काही खात नाही, फक्त बसायला जागा घेतं. उलट हवेत सल्फर डायऑक्साइड वाढला की आधी हेच मरतं. वाढ मात्र फारच हळू, वर्षाला काही मिलिमीटर, त्यामुळे जंगलातून सगळं ओरबाडून आणलं की परत यायला वर्षानुवर्षं लागतात, मला वाटतं यावर लेखात दोन ओळी हव्या होत्या.

आणि हो, कच्च्याला फारसा वास नसतो म्हणून फेकू नका, तेलात परतलं की मग बघा. चेट्टीनाड स्वयंपाकात कल्पासी म्हणतात ते पण हेच.