ऑपरेटिंग सिस्टिम सात खणांत मावते काय? एका फिरत्या टिपणाचा प्रतिवाद

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये संगणकाविषयीचे एक टिपण वर्षानुवर्षे हातोहात फिरत आहे. त्याचे शब्द थोडेफार बदलतात, दावे मात्र तेच राहतात. ऑपरेटिंग सिस्टिम ही माणसाची भाषा शून्य-एकच्या भाषेत नेणारी दुभाषी आहे. ती पडद्यामागे अखंड चालू असते. मल्टिटास्किंगमुळे संगणक अनेक कामे एकाच क्षणी करतो. रिअल-टाइम सिस्टिम सर्वांत वेगवान असते. आणि बॅच, टाइम-शेअरिंग, मल्टिप्रोसेसिंग, नेटवर्क, डिस्ट्रिब्युटेड, रिअल-टाइम व मोबाइल असे तिचे सात प्रकार असून प्रत्येक सिस्टिम त्यांपैकी एकाच प्रकारात मोडते. यातले शेवटचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण वरवर ते निव्वळ वर्गीकरण दिसते आणि पाठांतराला सोयीचे असते. परंतु दावे क्रमानेच घेऊ.

भाषांतराचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे नाही. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांमध्ये बदलतो तो कंपायलर, आणि एकदा ते झाले की त्या सूचना प्रोसेसर थेट पाळतो. प्रत्येक सूचनेमागे ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये उभी राहत नाही. उपमाच हवी असेल तर कालव्यावरच्या पाटकऱ्याची घ्यावी. पाणी कोणाच्या शेतात, केव्हा आणि किती वेळ जायचे हे तो ठरवतो. दारे धरतो तो शेतकरीच. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोग्रामला मेमरीत जागा देतो, प्रोसेसरची पाळी देतो, दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू देत नाही आणि डिस्क किंवा नेटवर्कचे काम प्रोग्रामने मागितल्यावर त्याच्या वतीने करून देतो.

ती अखंड चालू असते हा समजही याच चुकीतून येतो. प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे सूचना पाळणाऱ्या एका स्वतंत्र भागावर, एका वेळी एक तर तुमचा प्रोग्राम चालतो किंवा कर्नल. तुमचा प्रोग्राम चालू असताना कर्नल मेमरीत निपचित पडून असतो आणि त्याला जागे करणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: प्रोग्रामची स्वतःची मागणी, त्याच्या हातून घडलेली आगळीक, कीबोर्ड किंवा डिस्कसारख्या उपकरणाचा इशारा आणि टाइमरचा ठोका. यातला टाइमर सर्वांत महत्त्वाचा, कारण तो नसता तर चक्रात अडकलेल्या प्रोग्रामने प्रोसेसर कधी सोडलाच नसता. विंडोज ३.१ वापरलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. तिथे प्रोग्रामने आपणहून पाळी सोडावी अशी अपेक्षा होती, आणि एखाद्याने ती सोडली नाही की माउसचा बाण हलत असूनही बाकीचे सारे थिजून जात असे. विंडोज ९५ ने निदान ३२-बिट प्रोग्रामांकडून पाळी सक्तीने काढून घ्यायला सुरुवात केली. मॅकिंटॉशच्या वापरकर्त्यांना त्यासाठी २००१ सालच्या मॅक ओएस एक्सपर्यंत थांबावे लागले.

मल्टिटास्किंगविषयीच्या दाव्याचे उत्तर बरेचसे यातच आले. आपल्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडून पाहावा. चालू प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची, संख्या सहज शंभराच्या पुढे दिसेल, तर कोअर असतील चार किंवा आठ. पाळ्या काही मिलिसेकंदांच्या असतात आणि त्यामुळे सारे एकाच वेळी चालले असल्याचा भास होतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग, म्हणजे एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटणारी, सिस्टिम दाखवली, तेव्हा एकाच यंत्रापुढे बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्यासाठीच आहे असे वाटावे, हाच हेतू होता. खरोखर एकाच क्षणी कामे होतात ती अनेक कोअर असल्यास, आणि तीही ढोबळमानाने कोअर असतील तितकीच.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान, ही चूक मात्र केवळ परीक्षार्थी करत नाहीत. जाहिरातींमुळे ती सर्वत्र रुजली आहे. रिअल-टाइम सिस्टिमचे वचन वेगाचे नसते, मुदतीचे असते. मोटारीच्या एअरबॅगला सरासरी वेळ चांगली असून उपयोग नाही. धडकेनंतर ठरलेल्या मिलिसेकंदांत ती उघडलीच पाहिजे, दर वेळी. ही हमी देण्यासाठी एकूण कामाचा उरक थोडा कमी झाला तरी चालतो.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम सिस्टिम होती, आणि यानाचा प्रोसेसर त्याच वर्षी दुकानांत मिळणाऱ्या पेंटियम संगणकांच्या मानाने कितीतरी मंद होता. काही दिवसांतच यानाचा संगणक अधूनमधून स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी अग्रक्रमाचे काम एक सामायिक कुलूप, म्हणजे सामायिक साधन एका वेळी एकालाच वापरू देणारी सोय, धरून बसे. त्याच कुलपाची वाट पाहणारे वरच्या अग्रक्रमाचे काम अडून राही. आणि मधल्या अग्रक्रमाची दुसरीच कामे प्रोसेसर घेऊन जात, त्यामुळे पहिल्याला कुलूप सोडण्याचीही संधी मिळत नसे. मुदत चुकली की देखरेख करणारी यंत्रणा सारे नव्याने सुरू करी. उपाय वेगवान प्रोसेसर हा नव्हताच. कुलूप धरणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता उसना देण्याची सोय व्हीएक्सवर्क्समध्ये होती, पण त्या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली आणि दुखणे थांबले.

आता ते सात प्रकार. एकटे लिनक्स घेतले तरी हे खण फुटतात. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म हा महासंगणक लिनक्सवर चालतो आणि त्यावर संशोधक आपले काम रांगेत लावून निघून जातो, म्हणजे काम बॅच पद्धतीने होते. त्याच महासंगणकात अनेक प्रोसेसर आहेत आणि अनेक वापरकर्ते एकाच वेळी त्यात शिरलेले असतात. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे, म्हणून तो ‘मोबाइल’ही ठरतो. २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून, वीसेक वर्षे बाहेर वाढलेली रिअल-टाइमची सोयही मूळ लिनक्स कर्नलमध्ये सामील झाली आहे. मग लिनक्स कोणत्या खणात टाकायचे?

घोटाळा असा की ही सात नावे एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. बॅच, टाइम-शेअरिंग आणि रिअल-टाइम ही पाळी कशी द्यायची याची उत्तरे आहेत. मल्टिप्रोसेसिंग हे प्रोसेसर किती याचे. नेटवर्क आणि डिस्ट्रिब्युटेड ही अनेक यंत्रे एकमेकांना कशी जोडली याची. आणि मोबाइल हे तर केवळ यंत्र कुठे वापरतात याचे. फोन खिशात मावतो म्हणून पाळी देण्याची रीत बदलत नाही. आयफोन आणि मॅक यांच्या कर्नलचे मूळ तर एकच आहे. माणसांचे उंच, पुणेकर, डावखुरे आणि शाकाहारी असे चार प्रकार पाडण्यासारखे हे आहे.

परीक्षेत ‘विंडोज ११ कोणत्या प्रकारची सिस्टिम आहे’ असा एका गुणाचा प्रश्न आलाच, तर अपेक्षित उत्तर लिहून गुण पदरात पाडून घ्यावा. पर्यायांत मल्टिटास्किंग आणि मल्टिप्रोसेसिंग अशी दोन्ही नावे असतील, तर मात्र दोन्ही बरोबर असल्याने उत्तरतालिकेवर हरकत नोंदवावी.