पुरवठादाराची गुणवत्ता: नव्या खरेदी अधिकाऱ्यास चार शब्द

खरेदी खात्यात बसलात की एकच आकडा पाठ ठेवा: दर. ड्रॉइंग, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड या गोष्टी ज्यांना त्याचाच पगार मिळतो त्यांनी बघाव्यात. तुम्ही कोटेशनचा तुलनात्मक तक्ता करा, सगळ्यात खालच्या आकड्याभोवती गोल काढा आणि ऑर्डर सोडून द्या. इतरांपेक्षा हा इतका खाली कसा आला, असा प्रश्न पडलाच तर तो गिळा. त्याने कदाचित हीट ट्रीटमेंटचा खर्च धरलाच नसेल. पण विचारलंत तर धरेल, आणि तुमची बचत गेली.

डेमिंग नावाच्या गुणवत्तातज्ज्ञ गृहस्थांनी व्यवस्थापनासाठी चौदा मुद्दे सांगितले. त्यातला चौथा नेमका हाच: नुसत्या किमतीवरून धंदा देऊ नका, एकूण खर्च बघा. एकूण खर्च बघणं त्यांना सोपं होतं, ते कुठल्या खरेदी खात्यात नव्हते. तुम्ही वाचवलेला पैसा तुमच्या खात्यावर चढतो. निवडानिवडीचा खर्च क्वालिटीच्या, रीवर्कचा प्रॉडक्शनच्या आणि वॉरंटीचा सर्व्हिसच्या नावावर पडतो. या चार खात्यांची बेरीज करणारा माणूस बहुतेक कंपन्यांनी अजून नेमलेला नाही. नेमेपर्यंत तुमचं प्रमोशन झालेलं असेल.

नवा पुरवठादार घेताना पीपॅपची, म्हणजे नेहमीचं उत्पादन सुरू होण्याआधीच्या मंजुरीची, फाइल मात्र जाडजूड हवी. अठरा घटक, सगळ्यांवर सह्या. सोबत आलेले नमुने पुरवठादाराच्या सगळ्यात जुन्या कारागिराने सगळ्यात चांगल्या मशीनवर, एकेक करून घासून काढलेले असतात. ते बघून प्रसन्न व्हा. नेहमीचा माल कोण आणि कुठे काढणार, हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

ऑडिटला जायचं तर महिनाभर आधी कळवा. अचानक गेलात तर बिचाऱ्यांना जमिनीवरचे पिवळे पट्टे रंगवायला वेळ कसा मिळणार? पोचल्यावर सरळ कॉन्फरन्स रूममध्ये जा, सादरीकरण बघा, मग जेवण, मग पंधरा मिनिटं शॉपफ्लोअर. तिथे रिजेक्शनची लाल पेटी दिसेल. तळ दिसेपर्यंत रिकामी असेल तर ‘झिरो डिफेक्ट’ म्हणून कौतुक करा. जिथे कोणी तपासतच नाही तिथली लाल पेटीही इतकीच स्वच्छ असते, पण ते तुमच्या चेकलिस्टमध्ये नाही. आयएसओ ९००१ चं ८.४ कलम पुरवठादारावर नियंत्रण ठेवा म्हणतं. ठेवा की. सर्टिफिकेटची मुदत संपली की मेल टाकायचा, झालं नियंत्रण.

आणि कागद आला की माल तपासू नका. २००९ आणि २०११ साली नासाचे दोन उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सुटले आणि दोन्ही वेळा टोकावरचं आवरण वेगळंच झालं नाही. आवरणाचं वजन घेऊन रॉकेट कक्षेपर्यंत पोचलं नाही. पुढे नासाच्या तपासात निघालं, की त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रूजनच्या, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या भागांच्या, चाचण्यांचे आकडे पुरवठादार बदलत होता आणि खोटी सर्टिफिकेटं देत होता, तीही १९ वर्षं. नुकसान ७० कोटी डॉलरहून जास्त. पण फाइलच्या बाजूने बघा: १९ वर्षांत एकही सर्टिफिकेट कमी पडलं नाही! अशा पुरवठादाराला आपल्याकडच्या रेटिंगमध्ये कागदपत्रांचे पैकीच्या पैकी मिळाले असते.

आता इन्कमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे आलेल्या मालाची तपासणी. इथे जरा थांबू, कारण खरं कौशल्य इथेच लागतं. समजा दोन हजार नगांचा लॉट आलाय. एक्यूएल, म्हणजे खराब नगांची चालवून घेण्याजोगी टक्केवारी, १.० असेल तर सॅम्पलिंगच्या स्टँडर्डमधल्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे १२५ नग काढायचे, तीनपर्यंत खराब निघाले तर लॉट पास, चौथा निघाला की रिजेक्ट. नग सगळ्यात वरच्या खोक्यातून काढा, खाली कोण वाकणार. चौथा खराब नग सापडला तर तो जरा फिरवून पुन्हा मोजा. व्यास एका बाजूने जास्त भरत असेल तर दुसऱ्या बाजूने भरत नसेलही. तरी भरला, तर व्हर्नियर दुसऱ्याच्या हातात द्या. हात बदलला की माप बदलतं, हे अनुभवी माणसाला सांगायला नको.

एवढं करूनही लॉट रिजेक्ट झालाच, तरी घाबरू नका. संध्याकाळपर्यंत लाइन थांबायची वेळ येते आणि वरून फोन येतो. मग डेव्हिएशनचा, म्हणजे मापात न बसलेला माल चालवून घेण्याचा, फॉर्म काढा आणि लिहा: ‘फक्त या लॉटपुरते’. मागच्या सहा लॉटनाही हेच लिहिलंय, तेव्हा अक्षरसुद्धा बदलू नका. गंमत बघा, सलग पाचांतले दोन लॉट नाकारले गेले की तपासणी कडक करा, असा नियम सॅम्पलिंगच्या त्या स्टँडर्डमध्येच आहे. पण डेव्हिएशनवर घेतलेला लॉट नाकारलेला धरत नाहीत. त्यामुळे आपली तपासणी कधीच कडक होत नाही आणि पुरवठादार वर्षअखेर ‘ए’ ग्रेडमध्ये बसतो.

तक्रार करायचीच तर एट-डी, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा, रिपोर्ट मागवा. ‘का?’ पाच वेळा विचारायचं असतं, पण दुसऱ्याच ‘का’ला उत्तर मिळतं: मूळ कारण, ऑपरेटरचं दुर्लक्ष, उपाय, ऑपरेटरला समज दिली. सोबत प्रशिक्षणाची हजेरी, सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने. स्वीकारा. तिसरा, चौथा ‘का’ विचारायला गेलात तर पुरवठादार म्हणेल, तुम्ही गेल्या वर्षी पाच टक्के दर कापलात म्हणून आम्ही स्वस्तातली पट्टी घेतली. पाचव्याला म्हणेल, तुमचं नव्वद दिवसांचं पेमेंट दीडशे दिवसांनी येतं, म्हणून टूल बदललं नाही. असली उत्तरं रिपोर्टच्या रकान्यात मावत नाहीत आणि पुढे मीटिंगमध्ये वाचून दाखवायलाही बरी दिसत नाहीत.

एखादा नग शेवटी तुमच्या ग्राहकाच्या हातात तुटतोच. तो रागावून तुमच्याकडेच एट-डी मागतो, तोही चोवीस तासांत. एवढ्या घाईत नवीन कुठून लिहिणार? पुरवठादाराचा रिपोर्ट मेलमध्ये पडलेलाच आहे. लेटरहेड तेवढं बदला, आणि पाठवण्यापूर्वी हजेरीच्या कागदावरचं त्याच्या कंपनीचं नाव पांढऱ्या शाईने झाकायला विसरू नका.