माझा पांडुरंग तुला चालंना व्हय?

आज संध्याकाळी मिरजेत मार्केटजवळ भाजी घेत होते. कडेला दोन बायका उभ्या होत्या, साध्या सुती साड्या नेसलेल्या, हातात येशूची छोटी पत्रकं. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं एकेक पत्रक धरायच्या. घेतलं तर घेतलं, नाही तर हात मागं. माझ्यापुढंही धरलं होतं, मी मान हलवून पुढं गेले होते. कोथिंबिरीची जुडी बघत होते तोवर मागं आरडाओरडा. सहा-सात पोरं. पत्रकं हिसकावली, फाडली, एकानं मोबाईल बाईच्या तोंडापुढं धरला, "बोल, माणसामागं किती मिळतात? बोल!" त्यातली थोरली बाई साठीच्या पुढची असेल. ती काही बोलली नाही. खाली वाकून तुकडे गोळा करायला लागली, तर एक पोरगा त्या तुकड्यांवर पाय देऊन उभा राहिला.

भाजीवाले बघत होते. मीही बघत होते. कुणी पुढं झालं नाही, मीही नाही. त्याची लाज वाटतेय आणि म्हणून झोप येत नाहीये.

तुम्ही मला ओळखता. मला धर्मप्रचार आवडत नाही, कधीच आवडला नाही. दारात येऊन कुणी माझ्या देवाचं काय चुकलं ते सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण त्या वाकलेल्या बाईला बघून मला आमच्या मावशी आठवल्या. त्यांच्यावर तर मी सोळा वर्षं रागावलेली आहे.

२००९ साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सात महिने ती अंथरुणावर होती. भाऊ पुण्यात, मी नोकरी करणारी, घरात आम्ही दोघीच. नातेवाईक यायचे. शहाळं, मोसंबी, दहा मिनिटं बसणं, "देव बघतोय सगळं" म्हणून उठणं. आणि समोरच्या मावशी. ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या, नवरा वारलेला. रोज सकाळी सहाला यायच्या. आईची कूस बदलायच्या, पाठीच्या जखमा धुवायच्या, पावडर लावायच्या, मऊ भात चमच्यानं भरवायच्या. त्या जखमांचा वास मला सोसायचा नाही, मी पोटची पोर. मावशींनी कधी नाकाला पदर लावला नाही. मी पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "अक्कांची सेवा विकत घालू होय?"

आई वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला निर्जळी, रोज संध्याकाळी हरिपाठ. बोलणं अडखळायला लागल्यावर हरिपाठ मी म्हणायची आणि आई ओठ हलवायची. मावशी तिथंच बसून आईचे पाय दाबायच्या. ऐकून ऐकून त्यांनाही अभंग पाठ झाले असावेत, कारण मी एकदा चुकले तर त्यांनी हळूच दुरुस्त केलं होतं.

आणि मग पाचव्या महिन्यातली ती दुपार. मी स्वयंपाकघरात होते. मावशींचा आवाज ऐकू आला, रडवेला. "अक्का, एकदा फक्त येशूचं नाव घ्या. तुमच्या आत्म्यासाठी मला रात्र रात्र झोप लागत नाही हो." मी हातातलं उलथनं घेऊन तशीच दारात आले. आई त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही. एकेक शब्द ओढत म्हणाली, "माझा पांडुरंग... तुला... चालंना व्हय?"

मावशींना उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही आता जा."

यावर गेली सोळा वर्षं मी जिथं संधी मिळेल तिथं बोलत आलेय, तुमच्यापैकी काहींनी ऐकलंयही. माझं म्हणणं एकच होतं. मरायला टेकलेल्या बाईच्या उशाशी बसून तिचा आयुष्यभराचा देव तिला पुरणार नाही असं सांगणं हा अपमान आहे. तो पाय दाबता दाबता केला तरी अपमानच आहे, उलट जास्त लागतो. गांधीजींचा मिशनऱ्यांवर राग नव्हता, त्यांच्या सेवेचं त्यांना मोलही होतं. पण सेवेच्या आडून धर्म बदलवणं त्यांना पटायचं नाही, ते मला त्या दुपारी पुरतं कळलं. माणूस दुबळा आहे, तुमच्यावर अवलंबून आहे, तुम्ही उद्या आला नाहीत तर त्याची कूस कोण बदलणार, अशा वेळी त्याला हा प्रश्न विचारूच नये. ते उत्तर मोकळं असूच शकत नाही.

आजही हे सगळं मला तसंच वाटतं. एक शब्द मागं घेत नाही.

पण मग ती फाडणारी पोरं माझ्या बाजूची होतात का? त्यांनी कुणाच्या आईची पाठ धुतलीय? आम्हा मिरजकरांना तर हे बोलायचं तोंडच नाही. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरसाहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशन दवाखाना उभा केला. अर्धी मिरज आणि आजूबाजूची खेडी तिथं जन्मली, बरी झाली, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला आपण आजही वानलेसवाडीच म्हणतो. ते साहेब प्रचारक होतेच, लपवलं नव्हतं. माझी आजी तिथं बाळंत झाली आणि घरी येऊन तिनं सटवाई पुजली. कुणाचं काही बिघडलं नाही. हो, सगळीकडं असं झालं नाही हे मला माहीत आहे. आमिष दाखवून, घाबरवून माणसं ओढली गेली आहेत, मान्य. गोव्यात तर १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, देवळं पाडलेली, मंगेशाला कुशस्थळीहून नदीपलीकडं फोंड्याकडं न्यावं लागलं. आणि त्याच गोव्यात, कुशस्थळी होती त्याच साष्टी भागात, स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री मराठीच्या इतका प्रेमात पडला की ख्रिस्ताची कथा त्यानं ओव्यांमध्ये लिहिली, १६१६ मध्ये ती छापली गेली. भाषेवर एवढं प्रेम, आणि त्या भाषेत जे देव नांदत होते ते मात्र खोटे! हे मला कधी उलगडलेलं नाही. मावशीही मला अशाच उलगडल्या नाहीत.

मावशी चर्चमध्ये ना. वा. टिळकांची पदं म्हणायच्या. स्वयंपाक करताना गुणगुणायच्या, ते ऐकून आई म्हणायची, "हिचं भजन आपल्यासारखंच की गं." आपल्यासारखंच असणार. टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला त्यांनी, घरदार तुटलं, पण तुकोबा सुटले नाहीत. केवढा मोठा माणूस. तरी त्या पुलाच्या गोष्टीनं मला दरवेळी टोचतं. पूल हा ओलांडून जायचा असतो. माझ्या आईचं घर त्या पुलावरच होतं. तिला पलीकडं जायचंच नव्हतं. मावशींना वाटत होतं की ही बिचारी मधेच अडकून पडलीय.

आता कुणीतरी खाली "धर्म बदलणारे सगळे फसलेलेच" असं लिहीलच, म्हणून आधीच सांगते. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंवर आपल्या पुण्यानं किती आग ओकली! १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या आश्रमातल्या विधवा मुली ख्रिस्ती होतील म्हणून रानडे-भांडारकरांसारखी माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्या पोरींचे केस कापून त्यांना कोपऱ्यात बसवलं होतं तेव्हा ही आग कुठं होती? दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो पोरी घेऊन केडगावला आल्या, तेव्हा आपण कुणी गेलो होतो? आणि बाबासाहेब. १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. केवढे लोक त्यांना बोलवायला आले, आमच्यात या, आमच्यात या. त्यांनी एकवीस वर्षं घेतली, वाचलं, पारखलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात स्वतःच्या मनानं बुद्धाकडं गेले. ते पत्रक वाचून गेले नाहीत आणि कुणाच्या बापाला विचारूनही गेले नाहीत. धर्म बदलणाऱ्याला फसलेला समजणं हाही त्याचा अपमानच. पोरांनो, हे तुम्हाला कोण सांगणार?

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या २५ व्या कलमात आपल्या धर्माचा प्रसार करायचा हक्क लिहिलेला आहे. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. ती रेघ कुठं ओढायची ते वकील बघतील. पण रस्त्यावर उभं राहून कागद पुढं करणं आणि नको म्हटलं की हात मागं घेणं, यात कुठली रेघ ओलांडली हो त्या बाईनं?

इथवर लिहिलं आणि चहा करायला उठले. तेव्हा एक गोष्ट आठवली, ती लिहिल्याशिवाय पुढं जाणं खोटेपणा होईल.

आई दर आषाढीला मावशींना म्हणायची, "एकदा चल की गं वारीला. एकदा कळसाचं दर्शन घे, बघ कसं वाटतंय." दरवर्षी. मावशी हसायच्या आणि वाटेसाठी शेंगदाण्याचे लाडू करून द्यायच्या. हा प्रचार नव्हता का? मी याला कधी प्रचार म्हटलं नाही. मला ते गोड वाटायचं. आमचे कीर्तनकार माळ घाला, मांस सोडा म्हणून गावोगाव सांगत फिरतात, तेही मला गोडच वाटतं.

फरक आहे, मी अजूनही म्हणते. मावशी वारीला आल्या नाहीत तर त्यांचं काही वाईट होईल असं आईला वाटत नव्हतं. तिच्या लेखी मावशी हरवलेल्या नव्हत्या. मावशींच्या लेखी आई हरवत होती. आदर आणि अनादर यातला फरक मी इथंच धरत आलेय.

पण मग दुसरा विचार येतो आणि तो मला आवडत नाही. आईसाठी रात्र रात्र कोण जागलं? आम्ही सगळे "ज्याचा त्याचा देव" म्हणून शांत झोपायचो. एका बाईला खरंच वाटत होतं की हिचं मेल्यावर वाईट होणार, आणि तिला ते बघवत नव्हतं. तिचं समजणं चूक होतं. माझ्या मते पूर्ण चूक. पण ती काळजी खोटी होती असं मला आता म्हणवत नाही. मावशींनी आईवर प्रेम केलं आणि आईच्या देवाचा अपमान केला, दोन्ही एकाच दुपारी. एकानं दुसरं पुसलं जात नाही. निदान माझ्यापुरतं तरी नाही.

त्या दुपारनंतर मी दोन दिवस मावशींना दार उघडलं नाही. पहाटे सहाला कडी वाजायची, मी पडून राहायची. एकटीनं आईची कूस बदलायला गेले तर ती कळवळली. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "ती कुठाय?" मी गेले बोलवायला. मावशी काही न बोलता चपला घालून आल्या. पाणी गरम केलं, जखम धुतली. संध्याकाळी मी हरिपाठ म्हटला, त्या पाय दाबत बसल्या. आई जाईपर्यंत त्यांनी परत तो विषय काढला नाही. तेराव्याला आल्या, भिंतीला टेकून बसल्या, जेवल्या नाहीत. नंतर मुलाकडं नगरला राहायला गेल्या. मी कधी फोन केला नाही.

पोरं निघून गेल्यावर मी आज एक तुकडा उचलला. ती बाई तोवर गेली होती. पर्समध्ये आहे माझ्या. मधोमध फाटलाय, वाक्य कळत नाही, फक्त "विसावा" एवढा शब्द धड राहिलाय. आई वारीहून आली की हेच सांगत बसायची, पालखीचा विसावा कुठं कुठं झाला, कुठल्या झाडाखाली कोण कोण टेकलं, मावशींचे लाडू कुठं संपले.

मावशी आता ऐंशीच्या घरात असतील. मुलाचा नंबर मिळालाय. पहाटे सहाला त्या उठलेल्या असणार. आईनं विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही, आणि दोन दिवस दार का उघडलं नाही ते मीही त्यांना कधी सांगितलं नाही. सकाळी फोन लावते.