जीवनसत्त्वाची सुई आणि वासराचा चीक

“वासरू जन्मताच अ, ड आणि ई जीवनसत्त्वांचे इंजेक्शन द्या, पांढऱ्या पेशी लगेच सक्षम होतात, चीक कमी पडला तरी चालते, आणि मात्रा जास्त झाली तरी अपाय नाही,” असा दावा पशुपालकांमध्ये हातोहात फिरतो आहे.

त्यातला सर्वांत घातक भाग चिकाविषयीचा आहे. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासरू जवळजवळ त्यांच्याविनाच जन्मते. आणि चिकातील प्रतिपिंडे आतड्यातून न मोडता, जशीच्या तशी शोषून घेण्याची त्याची क्षमता तासागणिक घटत साधारण 24 तासांत संपते. रक्तद्रवात आयजीजी हे मुख्य प्रतिपिंड प्रतिलिटर 10 ग्रॅमपेक्षा कमी राहिले, तर मातेकडून संरक्षण मिळालेच नाही असे मानतात, आणि हा आकडा कोणत्याही जीवनसत्त्वाने वाढत नाही. गंमत अशी की, अ आणि ई हीसुद्धा वारेतून फारशी जात नाहीत, ती प्रामुख्याने चिकातूनच मिळतात. चिकाचा गडद पिवळेपणा कॅरोटीनचाच असतो.

पांढऱ्या पेशींबद्दलच्या विधानात मात्र तथ्य आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी प्राणवायूची तीव्र क्रियाशील रूपे तयार करतात, आणि त्यांच्या झळीपासून पेशीपटलातील मेदाम्लांचे रक्षण ई जीवनसत्त्व सेलेनियमच्या जोडीने करते. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप स्वतःच घडवतात. अ जीवनसत्त्वावर आतड्याचे आणि श्वसनमार्गाचे अस्तर टिकून असते. पण हे परिणाम मुख्यतः कमतरता भरून काढल्याचे आहेत. काचपात्रातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी अधिक वेगाने विभागल्या, एवढ्यावरून गोठ्यातल्या वासराची हगवण थांबेल असा निष्कर्ष निघत नाही.

“अपाय नाही” हे तर सरळ चुकीचे आहे. ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात आणि शरीरात साठतात. अ अतिरिक्त झाल्यास वासराच्या हाडांच्या वाढपट्ट्या अकाली मिटतात, मागचे पाय आखूड राहून अंगाची ठेवण तरसासारखी होते. शिवाय जास्तीचे अ हे ई जीवनसत्त्वाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणजे ज्या न्यूट्रोफिलसाठी सुई दिली त्यांचेच कवच पातळ होते. ड जास्त झाल्यास मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत चुना साचतो.

सुईला स्थान आहे ते गाभणकाळात हिरवा चारा न मिळालेल्या गायीच्या वासरासाठी. तेही चीक पाजून झाल्यावर, पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत.