गाडी आपली, पण हात लावू नये

मोटरसायकलचे पैसे भरले की ती आपली होते, असा एक गोड गैरसमज मध्यमवर्गात अजून टिकून आहे. ज्यांचा तो अजून गेलेला नाही, त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल. अनुभव गेल्याच महिन्यातला आहे, तेव्हा गरम आहे तोवर घ्या.

पहिलं म्हणजे, रविवारी सकाळी सुचणाऱ्या कुठल्याही विचारावर विश्वास ठेवू नका. चहा झालेला असतो, पार्किंगमध्ये अजून ऊन आलेलं नसतं, पान्यांचा डबा हाताशी असतो आणि मनात येतं, चला, एअर फिल्टर तेवढा साफ करून टाकू. मी केला. सीट काढली, साइड पॅनेल काढलं. एअरबॉक्सवरचा हवेच्या तापमानाचा सेन्सर आड येत होता, म्हणून त्याचा कनेक्टर सोडला. फिल्टर कसला, अर्धा सिंहगड रोड आत जाऊन बसला होता. तो झटकतोय तेवढ्यात चिरंजीवांनी 'पेट्रोल किती आहे बघू' म्हणत चावी फिरवली. मीटरवर नारंगी रंगाचं छोटं इंजिन उजळलं, म्हणजे बिघाडाचा दिवा.

कनेक्टर परत बसवला, टक्क आवाज येईपर्यंत दाबला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. धूर नाही, झटके नाहीत, ॲव्हरेज तेच. दिवा चालूच. बॅटरीची वायर काढून अर्धा तास ठेवली. दिवा चालूच. आठ दिवस ऑफिसला गेलो-आलो. दिवा चालूच.

तेव्हा दिवा लागला की स्वस्थ बसावं.

सीटखालच्या लाल प्लगकडे, जिथं स्कॅनर लावून गाडीचा बिघाड वाचतात, तर ढुंकूनही पाहू नये. रबराची टोपी घातलेला, आत सहा पिना असलेला तो प्लग तुमच्या गाडीत आहे, त्याचे पैसे तुम्ही मोजलेत, रोड टॅक्ससुद्धा त्याच्यासकट भरलाय. पण तो तुमच्यासाठी नाही. गाडी एखाद्या मोठ्या माणसाशी बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नये, एवढे संस्कार आपल्यावर आहेतच. मी मात्र निर्लज्जपणे साडेसहाशेचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि चारशेची जोडवायर मागवली, फोनवर ॲप घेतलं. ॲप दहा मिनिटं गोल गोल फिरलं आणि म्हणालं, ईसीयूशी, म्हणजे गाडीच्या मेंदूशी, संपर्क होत नाही. माझी गाडी 2021 ची. धुराचं बीएस 6 मानक आलं 1 एप्रिल 2020 ला, दुचाकींना ओबीडी 2 चा, म्हणजे गाडीनं आपले दोष ठरलेल्या भाषेत सांगायच्या नियमाचा, पहिला टप्पा लागू झाला 1 एप्रिल 2023 ला, आणि माझी गाडी नेमकी मधल्या काळातली. मुहूर्त एप्रिल फूलचे का काढतात, ते आता कळलं.

जुन्या गोष्टी आठवू नयेत, त्रास होतो. होंडाची सीबीआर 250 आर 2011 मध्ये आपल्याकडे आली. तिच्यातही पेट्रोलचं इंजेक्शन होतं, सेन्सर होते, हाच दिवा होता. पण तिच्या प्लगमधल्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडून चावी फिरवली की दिवा स्वतःच उघडझाप करून आजार सांगायचा. लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. नऊ छोट्या आल्या की समजायचं, हवेच्या तापमानाचा सेन्सर. दोष काढून झाला की त्याच तारेनं दोषाचा कोडही पुसता यायचा. लॅपटॉप नाही, लॉगिन नाही, वर्गणी नाही. चार आण्याची तार! गाडी मालकाशी बोलायची हो. पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं असणार की मालक फुकटात फार ऐकतोय.

ब्रेक ऑइलही घरी बदलू नका. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, आणि ते चांगलंच झालं, त्यानं जीव वाचतात. पण एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली, तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला आतला पंप सॉफ्टवेअरमधून फिरवावा लागतो. कुठल्या सॉफ्टवेअरमधून, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता सर्व्हिस सेंटरला कसं जावं. सकाळी साडेनऊला जावं आणि दिवसभराची सुट्टी काढूनच जावं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ॲडव्हायजर म्हणाला, "सर, स्कॅनिंगवाला मुलगा रजेवर आहे."

"कधी येईल?"

"त्याच्या गावाची यात्रा आहे सर."

"मग दुसरं कुणी करेल की."

"लॉगिन त्याच्याच नावावर आहे ना सर."

म्हणजे पुण्यासारख्या शहरात, एवढ्या मोठ्या काचेच्या शोरूममध्ये, माझ्या गाडीशी बोलू शकणारा पृथ्वीतलावरचा एकमेव मनुष्य त्या क्षणी पालखीला खांदा देत होता. त्याच्या श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा होता, पण केबल दुसऱ्या ब्रँचला गेली होती. केबल! तिसऱ्या खेपेला मुलगा, लॅपटॉप आणि केबल हे तिन्ही ग्रह एका राशीत आले, तेव्हा ॲडव्हायजरनं गाडीकडे न बघताच जॉबकार्डवर लिहायला घेतलं, सेन्सर रिप्लेस.

"न तपासता?"

"दिवा लागलाय ना सर."

मी म्हटलं, सेन्सर चांगला आहे, कनेक्टर मीच काढला होता. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू अपेंडिक्स घरीच काढून दवाखान्यात टाके घालायला आलोय. "सर, कशाला हात लावायचा? वॉरंटी जाते." वॉरंटी संपून वर्ष झालं होतं, पण सूर असा की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

'ग्राहकांना आत प्रवेश नाही' अशा पाटीखालून मी आत शिरलो. मुलानं लाल प्लगची टोपी काढली, केबल लावली. पडद्यावर आलं, पी 0113. इनटेक एअर टेम्परेचर, सर्किट हाय. म्हणजे तेच. कनेक्टर निघाला की सर्किट तुटतं आणि ईसीयूला वाटतं, बाहेर भलतीच थंडी पडलीय. ऐन उन्हाळ्यात, पुण्यात. मुलानं एक बटन दाबलं. दिवा विझला. मी घड्याळ लावलं होतं, अकरा सेकंद.

बिल असं होतं: स्कॅनिंग 500, जनरल चेकअप 350, कन्झ्युमेबल्स 80. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून 1097 रुपये. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय, हे मी विचारलं. ते विचारू नये.

बिल निमूट भरावं आणि कायद्याची भाषा तर मुळीच करू नये. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून 2544 कोटींचा दंड ठोठावला होता आणि सुटे भाग, तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांनाही द्या असं बजावलं होतं. पण तो निकाल चारचाकींचा, त्यावर पुढं अपिलं झाली, आणि आपण पडलो दुचाकीवाले. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. तिथं जाऊन सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि फोन नंबर काढावा. स्कॅनरचं सॉफ्टवेअर मागून कुणाला अवघडवू नये.

युरोपचा विषयही टाळा. तिकडं 168/2013 क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार दुचाकी विकणाऱ्या कंपनीला दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यावी लागते, दिवसाच्या, महिन्याच्या नाहीतर वर्षाच्या हिशोबानं वाजवी पैसे घेऊन. हा नियम चाकणला बनून तिकडं जाणाऱ्या मोटरसायकलींनाही लागू आहे. माझ्या घरापासून चाकण तासाभरावर (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे रात्री दोनला). ती गाडी समुद्र ओलांडते आणि परक्या गावच्या गॅरेजवाल्याशी बोलायला लागते. आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक, ज्यानं तीस वर्षं नुसत्या आवाजावरून टॅपेट ओळखले, तो मात्र दिवा दिसला की हात जोडतो. "साहेब, कंपनीत न्या."

संध्याकाळी फोन आला. "सर, सर्व्हिसचा अनुभव कसा वाटला? दहापैकी दहा द्याल ना? नऊ दिले तर नापास धरतात." मी दहा दिले, त्या पोरीचा काय दोष.

पण कसले दहा? अकरा सेकंदांच्या कामासाठी तीन चकरा, दीड दिवसाची रजा आणि अकराशे रुपये, आणि वर चांगला सेन्सर बदलायची तयारी! नवीन चावी जोडणं, इंजिनाचा मॅप (म्हणजे पेट्रोल-ठिणगीचं गणित) बदलणं, याला कुलूप लावा, माझं काही म्हणणं नाही. त्यात चोरीचा आणि धुराचा प्रश्न आहे. पण कोड वाचणं आणि पुसणं? एबीएसमधली हवा काढणं? यात कसलं आलंय गुपित? हे मालकाला द्यायला काय जातं तुमचं? फुकट नका देऊ, पाचशे रुपये वर्षाला लावा, मी रांगेत पहिला उभा राहीन. आणि सुरक्षेचं कारण तर सांगूच नका. सुरक्षेची एवढी काळजी असेल, तर आठ दिवस दिवा लागलेली गाडी मला चालवू का दिली? कर्जाचे हप्ते मी भरतो, विमा मी भरतो, पीयूसी मी काढतो, चौकात दंडही माझ्याच नावावर फाडतात. तिथं बरा मी मालक असतो!

आणि आपणही कमी नाही. शोरूममध्ये रंग विचारतो, मायलेज विचारतो, टाकीवरचा स्टिकर फुकट मिळेल का विचारतो. सीटखालच्या त्या प्लगमध्ये आपल्याला काय लावता येईल, हे एकानं तरी विचारलं का? मीही नाही विचारलं. मी हेल्मेट फुकट मागत बसलो होतो.

काल सर्व्हिसही करून आणली, रीतसर, पावतीसकट. आज सकाळी चावी फिरवली तर मीटरवर पान्याचं चिन्ह. सर्व्हिस ड्यू. पोरगा ते रिसेट करायला विसरला. फोन केला तर कळलं, ते त्याच लॅपटॉपवरून जातं, आणि तो आज परत गावाला गेलाय.