मायक्रोग्रीन्ससाठी कुठलंही बी चालत नाही

‘घरातलं कुठलंही बी पेरा, दहा दिवसांत कापून खा’ असा मायक्रोग्रीन्सचा, म्हणजे कोवळेपणीच कापून खायच्या इवल्या रोपांचा, संदेश व्हॉट्सॲपवर फिरतोय. मोहरी, मेथी, मुळा, राजगिरा यांच्यापुरतं ते ठीक. पण टोमॅटो-वांग्याची कोवळी रोपं खायची नसतात. त्यांच्या पानांत विषारी अल्कलॉइड असतात. राजम्याचे कच्चे कोंबही नकोत, त्यातल्या लेक्टिन या प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात.

त्याहून मोठा धोका कृषी सेवा केंद्रातल्या बियाण्याच्या पाकिटाचा. ते शेतात पेरायला असतं, त्याला बहुधा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी-निळा रंग दिसला की समजा. धुऊन खाऊ, हा विचारही नको! किराणा दुकानातली साधी मोहरी बरी, शिवाय स्वस्त.

आणि मुळांवरचा पांढरा कापूस पाणी शिंपडताच दिसेनासा झाला, तर ती बुरशी नव्हे, मूलरोम, म्हणजे मुळांचे बारीक केस आहेत. ट्रे फेकू नका.