बोनियाचे 25 हप्ते आणि मेसेजमधून गळलेला एक आकडा

दर वर्षी 1 जुलै आला की बेसबॉलबद्दलचा एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा असतो: न्यूयॉर्क मेट्स क्लबला बॉबी बोनिला नावाचा खेळाडू नकोसा झाला. त्याचे 59 लाख डॉलर तेव्हाच देऊन टाकायचे सोडून क्लबने ते पुढे ढकलले. आता निवृत्त झालेल्या माणसाला 2035 पर्यंत घरबसल्या दर वर्षी 11 लाख 93 हजार डॉलर फुकट द्यावे लागतात, एकूण 2 कोटी 98 लाख. क्रीडा इतिहासातला सगळ्यात मूर्ख करार. कधी कधी शेपूटही जोडलेलं असतं, की याच वाचलेल्या पैशांतून क्लबला पुढे डेव्हिड राइट हा गाजलेला खेळाडू मिळाला.

नावापासून सुरुवात करू. उच्चार बोनिया असा आहे. मेसेजमधल्या रकमा मात्र खऱ्या आहेत. चूक त्या रकमा एकमेकींशेजारी ठेवण्यात आहे.

"59 लाखांचे 2 कोटी 98 लाख झाले"

आज हातात असलेले 59 लाख आणि 35 वर्षांत मिळून येणारे 2 कोटी 98 लाख यांची थेट वजाबाकी होत नाही. आपल्याकडे कुणी 50 लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 43,400 रुपये बसतो आणि एकूण फेड 1 कोटी 4 लाखांच्या घरात जाते. म्हणून त्याने 50 लाखांचं घर 1 कोटीला घेतलं असं कुणी म्हणत नाही. बोनियाच्या करारातही मुद्दल, दर आणि मुदत या तिन्ही गोष्टी आहेत. दर होता 8%, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नसतो.

हिशेब कुणालाही करून पाहता येतो. मुद्दल 59 लाख डॉलर, सुरुवात 1 जुलै 2000. पहिली 11 वर्षं एकही हप्ता नाही, फक्त चक्रवाढ व्याज. पहिल्या वर्षाचं व्याज 4 लाख 72 हजार, म्हणजे 1 जुलै 2001 ला 63 लाख 72 हजार. 2009 पर्यंत रक्कम जवळपास दुप्पट होते, 1 कोटी 18 लाख. 1 जुलै 2011 ला ती 1,37,56,670 डॉलरवर पोचते. मेसेजमधल्या धक्क्याचा मोठा भाग या 11 गप्प वर्षांतच तयार झालेला आहे.

ही 1 कोटी 37 लाखांची रक्कम 25 समान वार्षिक हप्त्यांत फेडायची. एक्सेलमध्ये हप्ता काढणारं पीएमटी सूत्र घ्या: दर 8%, हप्ते 25, रक्कम उणे 1,37,56,670, शेवटची शिल्लक 0, आणि सगळ्यात शेवटी 1. उत्तर येतं 11,93,248.20 डॉलर. कराराचा आकडा हाच आहे, सेंटसुद्धा जुळतात.

तो शेवटचा 1 विसरला की घोळ होतो. तो नसेल तर सूत्र असं धरतं की पहिला हप्ता वर्ष उलटल्यावर येणार, आणि उत्तर 12,88,708 येतं. मग "करारात काहीतरी लपवलंय" अशी चर्चा सुरू होते. लपवलेलं काही नाही. पहिला हप्ता 1 जुलै 2011 लाच गेला, म्हणून एका वर्षाचं व्याज कमी लागलं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जानेवारी 2000 पासून साडेअकरा वर्षं मोजणं.

हप्त्याच्या आत काय असतं तेही पाहू. पहिला हप्ता गेल्यावर 1,25,63,422 डॉलर उरले. वर्षभरात त्यावर 10,05,074 व्याज चढलं. 2012 च्या हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दल फिटलं फक्त 1,88,174. सुरुवातीची वर्षं व्याजातच जातात, हा अनुभव गृहकर्ज फेडणाऱ्या कुणालाही नवा नाही.

"क्लबने मूर्खपणा केला"

हा मुद्दा नीट तपासण्यासारखा आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

मूर्खपणा ठरवायचा तर जानेवारी 2000 मध्ये उभं राहून ठरवावा लागेल. तेव्हा अमेरिकी बँकांचा प्राइम दर, म्हणजे चांगल्या कर्जदारांसाठीचा दर, 8.5% होता. 10 वर्षांच्या सरकारी रोख्यावरच साडेसहा टक्क्यांच्या वर व्याज मिळत होतं. त्या बाजारात 8% ने पैसे वापरायला मिळणं यात वेडेपणा नव्हता. कर्ज बँकेऐवजी खेळाडूकडून घेतलं, एवढंच.

आता तोच करार वेगवेगळ्या दरांनी तोलून पाहा. हे सगळे 25 हप्ते फेडायला क्लबने जुलै 2000 मध्ये किती रक्कम बाजूला काढायला हवी होती? गुंतवणुकीवर 8% मिळत असतील तर बरोबर 59 लाख. 10% मिळत असतील तर सुमारे 41 लाख 76 हजार पुरले असते, म्हणजे क्लबचाच 17 लाखांवर फायदा. 6% असतील तर 85 लाख लागले असते, आणि 5% असतील तर 1 कोटी 3 लाख. कराराची बरीवाईट किंमत या पट्ट्यात आहे. 59 लाख आणि 2 कोटी 98 लाख यांच्यामधली 2 कोटी 39 लाखांची "उधळपट्टी" कुठल्याही समंजस दराने निघत नाही.

बिघडलं ते नंतर. अमेरिकी मध्यवर्ती बँकेने 2003 मध्ये आपला दर 1% पर्यंत आणला आणि डिसेंबर 2008 मध्ये जवळपास शून्यावर. मेट्सचा 8% मात्र 35 वर्षांसाठी बांधलेला होता. शेअर बाजारानेही हात दिला नाही: एस अँड पी 500 निर्देशांक जून 2000 च्या शेवटी 1,454 होता आणि जून 2011 च्या शेवटी 1,320. क्लबवर टीका करायचीच असेल तर इथे करावी. इतक्या लांब मुदतीसाठी चढा दर पक्का करून टाकला, ही खरी जोखीम होती, आणि ती अंगावर आली.

गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या बर्नी मेडॉफचं नाव इथे निघतंच. तेव्हाच्या मालकांचे पैसे मेडॉफकडे होते आणि तिथे वर्षानुवर्षं दोन आकडी परतावा कागदावर दिसत होता. त्या अपेक्षेपुढे 8% स्वस्त वाटले असणार, हा तर्क सयुक्तिक आहे. डिसेंबर 2008 मध्ये मेडॉफचा घोटाळा उघड झाला. पुढे बुडालेले पैसे वसूल करायला नेमलेल्या विश्वस्ताने मालकांवर दावा लावला आणि मार्च 2012 मध्ये 16 कोटी 20 लाख डॉलरवर तडजोड झाली. मालकांनी जाणूनबुजून डोळेझाक केली हा आरोप विश्वस्ताने त्या वेळी मागे घेतला, हेही सांगायला हवं. त्या संकटापुढे बोनियाचा हप्ता किरकोळ होता.

"निवृत्त माणसाला फुकट पैसे"

हे वाक्य सगळ्यात अन्यायाचं आहे. मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचे, करार हमीचे असतात. क्लबने खेळाडूला काढलं तरी उरलेला पगार बुडत नाही. बोनियाने 1997 ते 2000 या 4 वर्षांचा करार फ्लोरिडा मार्लिन्सबरोबर केला होता आणि पहिल्याच वर्षी त्या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली. मे 1998 मध्ये तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, नोव्हेंबरात मेल रोहासच्या बदल्यात मेट्सकडे आला, आणि करार त्याच्याबरोबर आला. 1999 चा हंगाम वाईट गेला: 60 सामने, फलंदाजीची सरासरी .160, 4 होमरन. 3 जानेवारी 2000 ला मेट्सने त्याला मोकळं केलं तेव्हा त्या वर्षाचे 59 लाख क्लब त्याला देणं लागतच होता. ते ठरल्या वेळी न घेता 11 वर्षं थांबायला तो तयार झाला. व्याज त्या थांबण्याचं आहे. त्याचा एजंट डेनिस गिल्बर्ट पूर्वी आयुर्विमा विकायचा, त्यामुळे आज थोडं सोडून उतारवयात नियमित घेणं ही कल्पना त्याच्या ओळखीची होती.

या थांबण्यात जोखीमही होती. पुढे ढकललेला पगार म्हणजे क्लबकडे ठेवलेली विनातारण रक्कम. 2010 मध्ये टेक्सास रेंजर्स क्लब दिवाळखोरीत गेला तेव्हा विनातारण पैसे येणं असलेल्यांच्या यादीत सगळ्यात वर अॅलेक्स रॉड्रिगेझ होता, सुमारे 2 कोटी 49 लाख डॉलरच्या पुढे ढकललेल्या पगारासाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेट्सला लीगकडून 2.5 कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. बोनियाच्या पहिल्या हप्त्याला तेव्हा 8 महिने उरले होते.

आणि "घरबसल्या" हेही खरं नाही. 2000 मध्ये तो अटलांटाकडून आणि 2001 मध्ये सेंट लुईसकडून खेळला, आणि नंतर त्याने खेळाडूंच्या संघटनेत परदेशी खेळाडूंच्या कामात हातभार लावला. सहा वेळा ऑल-स्टार, 2,010 हिट्स, 287 होमरन एवढी कारकीर्द असलेल्या माणसाची ओळख जुलैतल्या एका तारखेपुरती उरावी, याचं वाईट वाटतं.

"त्या पैशांतून डेव्हिड राइट मिळाला"

हा करारावर खूश असणाऱ्यांचा दावा, आणि तोही ताणलेला आहे. साखळी अशी सांगतात: वाचलेल्या पैशांतून पिचर (चेंडू टाकणारा) माइक हॅम्पटन आला, 2000 मध्ये मेट्स वर्ल्ड सिरीजला पोचले, हॅम्पटन 8 वर्षांच्या 12 कोटी 10 लाखांच्या करारावर कोलोरॅडोला गेला, भरपाई म्हणून मेट्सला 2001 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या फेरीत, 38 वी निवड मिळाली आणि त्यांनी राइटला घेतलं. घटना सगळ्या खऱ्या. पण हॅम्पटनचा सौदा 23 डिसेंबर 1999 ला झाला, बोनियाला मोकळं करण्याच्या 11 दिवस आधी. 2000 च्या पगारपत्रकावरचा भार हलका झाला एवढं म्हणता येईल. हप्ते लांबवले नसते तर राइट आलाच नसता, असं यातून सिद्ध होत नाही.

"असा करार दुसरा नाही"

दुसरे भरपूर आहेत. खुद्द बोनियाचाच जुन्या पगारापोटी दर वर्षी 5 लाख डॉलरचा वेगळा करार 2004 पासून 2028 पर्यंत चालतो. केन ग्रिफी ज्युनियरला सिनसिनाटी 2024 पर्यंत पैसे देत होतं. मॅक्स शर्झरला वॉशिंग्टनकडून 2022 ते 2028 दर वर्षी 1.5 कोटी मिळतात. आणि डिसेंबर 2023 मध्ये शोहेइ ओतानीने डॉजर्सबरोबर केलेल्या 70 कोटींच्या करारातले 68 कोटी 2034 ते 2043 मध्ये मिळणार आहेत, तेही एक पैसा व्याज न घेता. तिथे सवलत खेळाडूने दिली आहे. म्हणून लीगच्या पगार-कराच्या (मर्यादेबाहेरच्या पगारांवर क्लबला बसणाऱ्या कराच्या) हिशेबात त्या कराराची किंमत वर्षाला 7 कोटींऐवजी सुमारे 4 कोटी 60 लाख धरली जाते. आजची किंमत काढायची हीच रीत बोनियाच्या कराराला 8% दराने लावली की 2 कोटी 98 लाखांची जागा 59 लाख घेतात.

शेवटचा हप्ता 1 जुलै 2035 ला जाईल, बोनिया तेव्हा 72 वर्षांचा असेल. त्या 11,93,248 डॉलरमध्ये व्याज असेल 88,389, आणि उरलेले 11,04,859 हे मुद्दल.